अंतर तेच, वेळ वेगळा

वर्गातल्या पृथ्वीगोलावर आपण हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरू. दोरा सैबेरियावरून जातो. गोलावरील दोन बिंदूंमधला हा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस. त्याची लांबी भरते सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या विमानाला सव्वानऊ तास पुरावेत.

परंतु शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश परकीय विमानांना बहुतांशी बंद होते. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाकडून, वाटेत अलास्कातील अँकरेजला इंधन घेऊन. १९८३ साली फिनएअरचे डीसी-१० विमान हेलसिंकीहून टोकियोला कुठेही न थांबता जाऊ लागले. पण तेही ध्रुव आणि बेरिंगची सामुद्रधुनी असा वळसा घेऊनच. वेळ लागे सुमारे तेरा तास. पुढे सैबेरियाचा मार्ग खुला झाला आणि प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तसेच केले. फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. वेळ पुन्हा सुमारे तेरा तास!

दोऱ्याची लांबी भूमिती ठरवते. मग प्रवासाचा वेळ कोण ठरवतो? हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना जरूर विचारू. गणिताच्या तासाला सुरू झालेली चर्चा इतिहासाच्या तासापर्यंत नक्की पोहोचेल.