नवरा-बायकोचं पटत नाही, समुपदेशकाकडे कधी जायचं?

भांडण पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून सुरू होतं आणि पाच मिनिटांत लग्नात कुणाचा मान राखला गेला नव्हता इथपर्यंत पोहोचतं. अशी भांडणं बहुतेक घरांत होतात, त्यासाठी कुणाकडे जायची गरज नसते. पण दर वेळी तेच भांडण, तीच वाक्यं आणि तोच शेवट होत असेल, तर दोघांना एकट्याने त्यातून बाहेर पडणं अवघड झालंय असं समजावं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या: वागण्याऐवजी माणसावरच टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि संवाद तोडून गप्प बसणं. यातली तुच्छता त्यांनी सर्वांत घातक मानली. आपल्याकडे ती ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ अशी येते, कधी चारचौघांत केलेल्या नकलेतून, कधी माहेरावरून मारलेल्या टोमण्यातून. अबोला तर इतका सवयीचा असतो की ‘बाबांना सांग, जेवायला वाढलंय’ असे निरोप मुलांमार्फत जाऊ लागतात. मुलं पोस्टमन झाली की उशीर करू नये.

लपवलेलं कर्ज, विवाहबाह्य संबंध, व्यसन, बाळंतपणानंतर आलेला दुरावा, शरीरसंबंधांतल्या अडचणी, सासू-सासऱ्यांसोबत राहायचं की वेगळं, यासाठीही जाता येतं.

घरातली बैठक पुरेशी नाही का?

आपल्याकडे आधी मामा-काका मध्ये पडतात. चार मोठी माणसं बसतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि निकाल देतात: ‘तुझं चुकलं, माफी माग.’ किंवा तो जुना सल्ला, ‘एक मूल होऊ द्या, सगळं सुरळीत होईल.’ (होत नाही. न सुटलेल्या भांडणात जागरणाची भर पडते.) बैठकीतला प्रत्येक जण कुणाचा तरी असतो आणि तिथे बोललेलं पुढच्या लग्नकार्यात ऐकायला मिळतं. समुपदेशक निकाल देत नाही, कोण बरोबर हे ठरवत नाही आणि ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, ही त्याच्या व्यवसायाची अट असते. गरज वाटली तर दोघांच्या संमतीने आई-वडिलांनाही एखाद्या सत्राला बोलावलं जातं.

कोर्टात गेल्यावर मिळतंच की

बरीच जोडपी समुपदेशकाला पहिल्यांदा भेटतात ती कौटुंबिक न्यायालयात. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. पण तोवर नोटिसा गेलेल्या असतात, दागिन्यांच्या याद्या झालेल्या असतात आणि दोघंही वकिलाला विचारून बोलत असतात. हेच बोलणं दोन वर्षं आधी झालं असतं तर सोपं गेलं असतं.

मारहाण होत असेल तर

इथे मात्र जोडीने समुपदेशन हा पहिला उपाय नाही. सत्रात बायको खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागू शकते. आधी सुरक्षितता: तातडीला 112, महिलांसाठी 181. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. राज्यातल्या अनेक पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्षही आहेत. हा उपक्रम 1984मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला.

योग्य माणूस कसा शोधायचा?

‘समुपदेशक’ अशी पाटी लावलेल्या प्रत्येकाचं शिक्षण सारखं नसतं, म्हणून विचारायला लाजू नये: शिक्षण काय, जोडप्यांसोबत किती वर्षं काम केलं, फी किती. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधं लागणार असतील, उदाहरणार्थ नैराश्य किंवा दारूच्या व्यसनासाठी, तर मनोविकारतज्ज्ञ. फी परवडत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या मनोविकार विभागात चौकशी करावी. टेली मानसचा 14416 हा क्रमांक मोफत, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सत्र साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. पहिल्या भेटीत मुख्यतः माहिती घेतली जाते, त्यामुळे ‘काहीच सांगितलं नाही’ म्हणून लगेच सोडू नये. पण समुपदेशक एकाचीच बाजू घेतोय, ‘बाईनेच जुळवून घ्यायचं असतं’ असं ऐकवतोय, किंवा पत्रिका मागतोय, तर दुसरा शोधावा.

जोडीदार तयार नसेल तर?

‘तुझ्या डोक्यावर उपचार करून घे’ असं म्हटल्यावर कुणीच येत नाही. ‘मला हे एकट्याने जमत नाहीये, एकदा सोबत ये’ असं म्हटलं तर येण्याची शक्यता वाढते. तरीही नकार आला तर एकट्याने जावं. एकाचं भांडणातलं वागणं बदललं की दुसऱ्याला नेहमीचं उत्तर देता येत नाही, आणि काही घरांत दुसरा माणूस तिसऱ्या-चौथ्या भेटीला आपणहून येऊन बसतो.