दोन खुर्च्या आणि एक निनावी चिठ्ठी

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर गणपतीत मंडप पडले की दहा दिवसांतली एखादी संध्याकाळ आता गप्पांच्या कार्यक्रमाला मिळते. स्टेजवर दोन खुर्च्या. अगदी समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा लोकांनाही दिसतो. मधे टीपॉय, पाण्याच्या बाटल्या, दोन माइक. एका खुर्चीत पाहुणा, म्हणजे लेखक, डॉक्टर, समुपदेशक, कधी स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेला गावाकडचा मुलगा, दुसरीत मुलाखतकार. पुढे सतरंजीवर बायका आणि मुलं, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष, आणि कडेला मोटारसायकल स्टँडवर लावून तिच्यावरच बसलेली पोरं, चिकलठाणा एमआयडीसीतली पाळी संपवून आलेली.

तासाभराने एक कार्यकर्ता कोऱ्या कागदाचे तुकडे वाटत फिरतो. माझ्या मते खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. चिठ्ठीवर नाव नसतं. मुलगा दहावीनंतर बोलेनासा झालाय. सासूबाईंना विसर पडतो, पण घरात कुणी मनावर घेत नाही. नवऱ्याची दारू. डोक्यावरचं कर्ज. मंडपातल्याच कुणीतरी गुडघ्यावर कागद ठेवून, शेजारणीला दिसू नये म्हणून हाताने झाकून, लिहिलेलं असतं ते.

जगण्यातल्या अडचणींवर लेखकांशी आणि जाणकारांशी चारचौघांत बोलण्याची ही रीत आता इतकी सवयीची झाली आहे की ती पूर्वापार चालत आली असं वाटावं. तशी ती नाही. तिच्यात दोन घराणी मिसळली आहेत. एक लेखकाच्या मुलाखतीचं, दुसरं तज्ज्ञाच्या सल्ल्याचं. दोन्ही बराच काळ एकमेकांच्या दारातही उभी राहत नव्हती. आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे ही चिठ्ठी, असं मला ठामपणे वाटतं.

फार मागे जायचं तर आपल्याला लांब जावं लागत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी याच परिसरात वावरत होते. पैठण आणि वेरूळ ही दोन्ही नावं ‘लीळाचरित्रा’त पुन्हापुन्हा येतात. स्वामी गेल्यावर म्हाइंभटाने ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून, आठवणी गोळा केल्या. इ. स. १२७८च्या सुमाराचा हा ग्रंथ. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तर वेगळा पाठही नोंदवून ठेवला. मुलाखत घेऊन ग्रंथ रचण्याचं मराठीतलं एवढं जुनं आणि एवढं प्रामाणिक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्यातली महदाइसा, जिला आपण आद्य मराठी कवयित्री मानतो, ती स्वामींना सारखी प्रश्न विचारते. खाण्यापिण्यापासून मोक्षापर्यंत तिला सगळंच विचारायचं असतं, आणि तिचं विचारणं स्वामींना आवडतं. साडेसातशे वर्षांपूर्वी एक बाई गुरूला अडवून विचारत होती आणि ते लिहून ठेवावं असं कुणालातरी वाटलं, हे मला मोलाचं वाटतं.

पुढे विचारणं मागे पडलं आणि सांगणं पुढे आलं. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि महाराष्ट्राला व्याख्यानाचं वेड लागलं. ते वेड फार चांगलं होतं, त्याने पिढ्या घडवल्या. पण तिथे एक बोलायचा आणि हजार ऐकायचे. मराठवाड्यात तर तेवढंही सुखासुखी मिळालं नाही. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानामुळे जाहीर सभेला आधी परवानगी लागे. वाचनालयं, गणेशोत्सवातले मेळे आणि साहित्य परिषद यांच्या आडोशाने लोक बोलत राहिले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा या शहराला स्वातंत्र्याबरोबर चारचौघांत तोंड उघडण्याची मोकळीकही मिळाली. इथल्या माणसांची भाषणाची भूक पुढे कित्येक वर्षं भागली नाही, त्याचं कारण मला यात दिसतं.

सल्ल्याच्या घराण्याचा मूळपुरुष मी र. धों. कर्वे यांना मानतो. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. शरीराबद्दलचे, लग्नातल्या सुखदुःखाबद्दलचे, घरात कुणाला विचारता न येणारे प्रश्न. कर्वे सरळ, शास्त्राला धरून, एकाही वाचकाला न हिणवता उत्तर देत. त्याच उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांनी विचारलेल्या शंकेला जाणकाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, ही त्यांच्या बाजूची मुख्य भूमिका. न्यायालयाने ती मानली नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्या दंडापाशी मला थांबावंसं वाटतं. आज स्टेजवरचे डॉक्टर निनावी चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचतात तेव्हा ते जे करतात तेच कर्वे छापून करत होते. लेख लिहिला म्हणून त्यांना आधीही दंड झाला होता. या वेळी वाचकाचा प्रश्न छापून त्याला उत्तर दिलं म्हणून झाला. प्रश्नाला जागा मिळवून देण्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. आणि तो खटला लढवणाऱ्या बाबासाहेबांनीच १९५०मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, जिथून शिकून गेलेल्या पोरांनी मराठवाड्यात सगळ्यात अवघड प्रश्न विचारले. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघालं.

लेखकाच्या मुलाखतीचं घराणं वेगळ्या वाटेने आलं. वर्तमानपत्री मुलाखतीचा उगम सांगताना अमेरिकेतल्या होरेस ग्रीली यांचं नाव घेतात. १८५९मध्ये त्यांनी ब्रिगहॅम यंग या मॉर्मन पंथप्रमुखाला प्रश्न विचारून ते उत्तरांसकट छापले. आपल्याकडे या प्रकाराला आवाज मिळाला तो रेडिओने. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांमध्ये जी पाच नभोवाणी केंद्रं होती त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद यांच्याबरोबर औरंगाबादही, म्हणजे आपलं हेच शहर, होतं, हे इथल्या तरुणांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मग २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने साहित्यिकांना घराघरात आणलं. जयवंत दळवींच्या ‘साहित्यिक गप्पा’ पुस्तकात आल्या. पुढे सुधीर गाडगीळांनी प्रकट मुलाखत गावोगावच्या मंचावर नेली, आणि केवळ मुलाखतकार म्हणून माणसाला ओळख मिळू शकते हे महाराष्ट्राला दाखवलं.

या घराण्याचं सौष्ठव मोठं होतं. भाषा, आठवणी, नेमका विनोद, सगळं होतं. पण प्रश्न बहुतेक लेखणीभोवती फिरत. कथा सुचली कशी, पहिलं पुस्तक कधी आलं, कुणाचा प्रभाव. लेखक रात्री झोपू शकत नव्हता का, मुलाशी त्याचं पटत होतं का, हे विचारणं शिष्टसंमत नव्हतं. मुलाखतकार अदबीने थांबे आणि श्रोतेही थांबत.

ही अदब प्रथम सुटली ती सातासमुद्रापार, ओहायो राज्यातल्या डेटन गावात. ६ नोव्हेंबर १९६७ला फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम तिथे सुरू झाला. विश्रांतीच्या वेळात समोर बसलेल्या बायका आपल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते माइक घेऊन प्रेक्षकांत शिरले. ऑप्रा विन्फ्री यांचा कार्यक्रम १९८६मध्ये देशभर दिसू लागला तो याच वाटेवरून. दहा वर्षांनी त्यांनी त्यात पुस्तकांचा क्लबही सुरू केला.

आपल्याकडे मात्र हा बदल स्टुडिओत घडला नाही. तो चळवळीत घडला, आणि म्हणून त्याचा पोत वेगळा आहे. १९८२मध्ये पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूनंतर ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन त्यांनी ठिकठिकाणी नेलं. पाहायला आलेल्या बायका आपलंच सांगू लागल्या. त्यांच्यासाठी निघालेल्या केंद्राचं नाव होतं ‘बोलते व्हा’. तज्ज्ञाने सांगायच्या आधी त्रास सोसणारीने बोलायचं, हा क्रम तिथे पक्का झाला.

मग अनिल अवचटांनी व्यसनी मुलांबद्दल लिहिलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदत पुढे केली, आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. लेखकाच्या लिखाणातून उपचारकेंद्र उभं राहिलं. दोन्ही घराण्यांची सोयरीक पहिल्यांदा इथे जुळली असं मी म्हणेन. त्याच काळातले डॉ. आनंद नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ, आणि नाटककारही. १९९०मध्ये त्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘वेध’ ही परिषद मांडली. वरवर पाहता ती दहावी-बारावीच्या मुलांना करिअर दाखवणारी. प्रत्यक्षात मंचावर वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं येत, आणि त्यांच्याशी गप्पा मारणारा माणूस मनोविकारतज्ज्ञ होता. त्यामुळे प्रश्नाची जातच बदलली. यश कसं मिळालं यापेक्षा अपयश आलं त्या दिवशी मनात काय चाललं होतं, हे विचारलं जाऊ लागलं. पाहुणाही तसं बोलू लागला, कारण समोरचा त्याला उघडं पाडणार नाही एवढा विश्वास होता. नाटककाराचा कान आणि डॉक्टरची समज एकाच खुर्चीत बसल्यावर मुलाखतीला जे रूप आलं तेच आज आपण आपलं मानतो.

वाहिन्यांनी हे उचललं. २०००मध्ये ई टीव्ही मराठी आली. तिच्यावरच्या ‘संवाद’मध्ये राजू परुळेकर एकेका माणसाला निवांत बोलतं करत. सह्याद्री वाहिनीवर विक्रम गोखले ‘दुसरी बाजू’ घेऊन बसले. आता ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ यांच्यासारख्या मराठी पॉडकास्टांवर तास-दीड तासाच्या गप्पा चालतात आणि कुणी घाई करत नाही. आमच्या गल्लीत सकाळी डबे भरायच्या वेळी एका स्वयंपाकघरातून मानसोपचारतज्ज्ञांचा आवाज येतो. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, काटवटीत भाकरी थापणं चालू. एखादं वाक्य निसटलं की ती बाई पिठाचे हात तसेच ठेवून करंगळीने गप्पा दहा सेकंद मागे घेते आणि पुन्हा ऐकते. इतकं लक्ष देऊन ऐकणारा श्रोता कुठल्याच व्याख्यानमालेला मिळाला नसेल.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते आणि ती बोलायलाच हवी. फोनवरच्या गप्पांत पाहुणा आहे, मुलाखतकार आहे, चिठ्ठी मात्र क्वचित दिसते. श्रोत्याने काय विचारलं असतं ते मुलाखतकारच ठरवतो. त्याला पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधली घुसमट चांगली कळते; सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी पुंडलिकनगरात भाड्याच्या खोलीत राहून भरतीची तयारी करणाऱ्या पोराची घुसमट त्याच्या यादीत असेलच असं नाही. पाहुण्यांतही यश मिळवून बसलेल्यांची गर्दी फार. ज्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही असा माणूस त्या खुर्चीत बसलेला मला अभावानेच दिसला.

म्हणून मंडपातल्या या संध्याकाळी टिकाव्यात असं मला वाटतं, आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांकडे माझं मागणं आहे. चिठ्ठ्यांना शेवटची दहा मिनिटं देऊ नका, अर्धा वेळ द्या. चिठ्ठी आधी वाचून सौम्य करू नका. मरणाचा विचार डोकावतोय अशी चिठ्ठी आली तर ती मोठ्याने वाचायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना अर्धा तास मंडपामागे बसू द्या, म्हणजे ज्याची चिठ्ठी आहे त्याला येता येईल. आणि आभारप्रदर्शनात देणगीदारांच्या नावांआधी एक क्रमांक दोनदा सांगा: १४४१६. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. तिथे रात्री-अपरात्री फुकट बोलता येतं, मराठीतही, आणि नाव सांगावं लागत नाही.