रहस्यकथामाला, मराठी
रहस्यकथामाला, मराठी : एकाच नायकाभोवती गुंफलेल्या आणि अल्प किंमतीच्या छोट्या पुस्तकांच्या रूपाने नियमितपणे प्रसिद्ध होणाऱ्या गुन्हेविषयक कथांची मालिका. गुन्हा, त्याभोवतीचे गूढ आणि त्याची उकल ही या कथाप्रकाराची तीन मुख्य अंगे होत. गुन्हेगार कोण, हा प्रश्न अखेरपर्यंत अनिर्णित ठेवून वाचकाची उत्कंठा वाढविणे, हे तिचे प्रधान तंत्र. मराठीत या प्रकाराला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या तृतीयांशात विलक्षण लोकप्रियता लाभली. तथापि वाङ्मयसमीक्षेने तिची फारशी दखल घेतली नाही.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : एडगर ॲलन पो (१८०९–४९) याच्या कथांतून या प्रकाराची घडण स्पष्ट झाली आणि आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) याच्या शेरलॉक होम्समुळे तो जगभर पोहोचला. ही परंपरा बुद्धिप्रधान होती. गुन्हा म्हणजे मूलतः सुस्थिर असलेल्या समाजातील एक अपवाद, आणि त्याची उकल म्हणजे बिघडलेली घडी पुन्हा बसविणे, असे तिचे गृहीत होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत या गृहीतालाच छेद देणारा एक संप्रदाय उदयास आला. त्याला तेथे ‘हार्डबॉइल्ड’ असे नाव पडले. १९२० मध्ये सुरू झालेले ब्लॅक मास्क हे स्वस्त कागदावर छापले जाणारे नियतकालिक त्याचे मुख्य व्यासपीठ होते. कॅरल जॉन डेली याच्या १९२३ मधील कथांपासून या संप्रदायाचा आरंभ मानतात. डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) याने त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस होता. खाणमालकांच्या वतीने कामगारांचे संप मोडण्यासाठी अशा संस्थांचा उपयोग केला जात असे. रेड हार्वेस्ट (१९२९) या त्याच्या कादंबरीत खाणीवर जगणारे एक संपूर्ण शहर, त्यातील धनिक, गुंड आणि पोलीस यांच्यासह, भ्रष्ट झालेले दाखविले आहे. द मॉल्टीज फाल्कन (१९३०) मधील सॅम स्पेड, रेमंड चँडलर (१८८८–१९५९) याच्या द बिग स्लीप (१९३९) पासूनचा फिलिप मार्लो आणि रॉस मॅक्डॉनल्ड (१९१५–८३) याचा ल्यू आर्चर हे या संप्रदायाचे प्रमुख नायक होत. ते एकाकी, मितभाषी, अल्प मोबदल्यावर काम करणारे आणि पोलिसांवर विश्वास न ठेवणारे असे आहेत. अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) हाही ब्लॅक मास्कमधूनच पुढे आला. त्याने १९३३ पासून पेरी मेसन या वकिलाची प्रदीर्घ मालिका लिहिली. मिकी स्पिलेन याच्या आय, द ज्युरी (१९४७) पासून या कथेतील हिंसेला अधिक भडक वळण लागले.

मराठीतील पूर्वपीठिका : मराठीत रहस्यप्रधान कथनाचा पाया रूपांतरांनी घातला. गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनी इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्झ याच्या कादंबऱ्यांच्या आधारे कालिकामूर्ति, बंधुद्वेष, चतुर माधवराव इ. कादंबऱ्या लिहिल्या. भुयारे, गुप्त वारसपत्रे आणि वेषांतरे यांनी गजबजलेल्या या कथांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. नाथमाधव (१८८२–१९२८) यांची रायक्लब अथवा सोनेरी टोळी ही कादंबरीही याच परंपरेतील होय. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या.

गुप्त पोलीस आणि नासिक : मराठी रहस्यकथेचा नायक पाश्चात्त्य नमुन्याहून वेगळा का घडला, हे समजण्यासाठी तत्कालीन राजकीय परिस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. या दृष्टीने नासिकचे उदाहरण उद्बोधक ठरते. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये पुण्यानजीक भांबुर्डे येथे स्थापन झालेली संस्था १९०९ मध्ये नासिक येथे हलविण्यात आली. तिचेच रूपांतर पुढे महाराष्ट्र पोलीस अकादमीत झाले. त्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नासिकच्या विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या प्रयोगप्रसंगी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडून वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. या प्रकरणातील तपास, धरपकड आणि माफीचे साक्षीदार यांची स्मृती महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकून राहिली. शास्त्रशुद्ध गुन्हेतपासाचे शिक्षण आणि परकीय सत्तेची हेरगिरी या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच गावात एकाच वर्षी दृष्टोत्पत्तीस आल्या. ‘गुप्त पोलीस’ या शब्दाला लंडनमध्ये जी प्रतिष्ठा होती, ती येथे मिळणे शक्य नव्हते. लोकांच्या दृष्टीने तो सरकारचा खबऱ्याच होता. त्यामुळे पोलिसांच्या बाजूने उभा राहणारा नायक स्वातंत्र्यपूर्व मराठी वाचकाला सहजासहजी आपला वाटला नसता, असे अनुमान करण्यास जागा आहे. अमेरिकन कथेतील पोलिसांविषयीचा अविश्वास भांडवलशाही आणि नगरपालिकांतील भ्रष्टाचार यांतून आला, तर मराठीतील अविश्वासाचे मूळ पारतंत्र्यात होते. दोन्ही ठिकाणी परिणाम मात्र काहीसा सारखाच झाला : कायदा आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव कथेच्या केंद्रस्थानी आली.

अर्नाळकर-युग : ही जाणीव सर्वाधिक प्रभावीपणे बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–९६) यांच्या कथांत प्रकटली. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराहून अधिक भरते. त्यांचे काळा पहाड आणि झुंजार हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करतात आणि पीडितांना साहाय्य देतात. त्यांच्या जोडीला धनंजय हा खाजगी गुप्तहेर आणि त्याचा साहाय्यक छोटू ही होम्स-वॉटसन धर्तीची जोडीही अर्नाळकरांनी निर्माण केली. अमेरिकन कथेतील कटुता आणि नैतिक संदिग्धता त्यांच्या लेखनात नाही. नायक निष्कलंक, स्त्रियांविषयी आदर बाळगणारा आणि अखेरीस विजयी असतो. भाषा सोपी, वाक्ये आटोपशीर आणि कथानक वेगवान असल्याने नवसाक्षर वाचकापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना ती आकर्षित करू शकली. मुंबईचे रस्ते, बंदर, चाळी आणि बंगले यांची पार्श्वभूमी वापरून आधुनिक महानगर मराठी वाचकाच्या कल्पनेत उभे करण्याचे कार्यही या कथांनी केले.

उत्तरकालीन लेखक : स्वातंत्र्योत्तर काळात नायकाचे स्वरूप पालटले. राज्य स्वकीयांचे झाल्यामुळे लष्करी अधिकारी, हेर आणि वकील हे नायक म्हणून स्वीकारार्ह ठरले. गुरुनाथ नाईक (मृ. २०२१) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा कॅप्टन दीप हा सेनाधिकारी विशेष लोकप्रिय झाला. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास असे परस्परभिन्न नायक घडविले. त्यांचे चुरचुरीत संवाद आणि नायकांचा बेदरकारपणा यांमुळे अमेरिकन संप्रदायाशी सर्वाधिक जवळीक त्यांच्याच लेखनात आढळते. अमर विश्वासच्या न्यायालयीन कथा गार्डनरच्या पेरी मेसनची आठवण करून देतात. शिरवळकर पुढे सामाजिक कादंबरीकडे वळले; दुनियादारी (१९८२) ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध असून तिच्यावर २०१३ मध्ये चित्रपट निघाला. अनंत अंतरकर यांच्या नवल मासिकाने अद्भुत आणि रहस्यमय कथांना व्यासपीठ दिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांची भयकथा आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा हे याच्या शेजारचे, परंतु स्वतंत्र प्रकार होत. बालवाङ्मयात भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेने साहसी शोधकथेला चिरस्थायी रूप दिले.

प्रसार आणि ऱ्हास : रहस्यकथामालेचा प्रसार विक्रीपेक्षा भाडोत्री वाचनालयांमुळे अधिक झाला. नासिक येथे १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक आहे. अशा संस्थांचा भर अभिजात वाङ्मय, इतिहास आणि संदर्भग्रंथ यांवर असे. रहस्यकथा प्रामुख्याने पेठांतील छोट्या दुकानांतून रोजच्या भाड्याने दिली जाई आणि एकच प्रत अनेक कुटुंबांत फिरे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढील दोन दशकांत गुन्हेशोधाची करमणूक पडद्यावरच उपलब्ध झाल्याने या वाचनालयांचा आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मालांचा ऱ्हास झाला.

मूल्यमापन : साचेबंद कथानके, योगायोगांचा अतिरेक आणि व्यक्तिचित्रणातील उथळपणा हे दोष या वाङ्मयात निश्चितच आहेत, महिन्याला अनेक पुस्तके लिहिण्याच्या निकडीतून ते अपरिहार्यपणे उद्‌भवले. परंतु हेच दोष ब्लॅक मास्कमधील बहुसंख्य कथांतही होते. अमेरिकेत त्या राशीतून हॅमेट आणि चँडलर यांना वेगळे काढून अभ्यासविषय बनविले गेले. मराठीत तशी निवड फारशी झाली नाही. शिष्ट ग्रंथालयांनी न जपलेली आणि भाडोत्री वाचनालयांत हाताळून झिजलेली ही पुस्तके मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. एकविसाव्या शतकात अर्नाळकरांच्या निवडक कथांचे पुनर्मुद्रण झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. ज्या वाङ्मयाने लक्षावधी मराठी माणसांना वाचनाची सवय लावली आणि कायदा अपुरा पडतो तेथे न्यायाचे काय, हा प्रश्न सोप्या भाषेत त्यांच्यापुढे ठेवला, त्याचा पुरेसा संग्रह नसेल, तर मराठी वाचनसंस्कृतीचा इतिहास अपूर्णच राहील.