फोटोखालचं नाव

१९८४ च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली मद्रासला केली. कपड्यांच्या ट्रंकेत मध्यभागी, बनियनांच्या घडीत, आग्फा क्लिक थ्री ठेवला होता. बडोद्यात बनलेला साधा डबा कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो. रोल मात्र मद्रासच्याच राज्यातला: उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. माझ्या पगारात महिन्याला एकच रोल बसायचा. त्यामुळे रविवारी सकाळी जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांतून दहा मैल पायपीट करावी आणि तीनदा बटण दाबावं, असा हिशेब होता.

भाषा येत नव्हती, पण पाट्यांनी हात दिला. सौकारपेट्टै म्हणजे आपली सावकारपेठ. कोत्वाल चावडी तर जशीच्या तशी. तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबाळ मंदिरात तर पाटीच आहे की, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते. ते खरंच आले होते का, हा इतिहासकारांचा वाद; पण कोल्हापूरच्या माणसाला परक्या गावात त्या पाटीसमोर उभं राहिलं की बरं वाटतं. मी तिचा फोटो काढला. एक फोटो खर्ची पडला, अकरा उरले.

सेंट्रल स्टेशनला लागून तेव्हा मूर मार्केट होतं. जुनी पुस्तकं, पिंजऱ्यातले पोपट, बंद पडलेली घड्याळं, काय वाट्टेल ते. तिथे एका म्हाताऱ्या पुस्तकवाल्याकडे मला जुन्या मद्रासची तीन फोटो-कार्डं मिळाली. एकावर डोक्यावर हंडा घेतलेली बाई. खाली इंग्रजीत छापलेलं: पाणी वाहणारी, मद्रास. दुसऱ्या कार्डावर फोर्टजवळची इमारत होती, तिचं मात्र पूर्ण नाव. पुढच्या वर्षी, ३० मे १९८५ ला, मूर मार्केट जळालं. आज तिथे लोकल गाड्यांचं स्टेशन आहे. कार्डं माझ्याकडे उरली, आणि हंडेवाल्या बाईचं नाव काय, हा प्रश्नही.

त्या प्रश्नाच्या नादाने मी जुने फोटो बघत गेलो. मद्रासचे सगळ्यात जुने म्हणावेत अशांपैकी काही फोटो फ्रेडरिक फीबिगचे, १८५१-५२ च्या सुमाराचे. कागदावर छापून त्यांना हाताने रंग भरलेले. रस्ते आहेत, खांब आहेत, देवळं आहेत. माणसं नसल्यात जमा. त्याचं कारण अर्धं तांत्रिक. त्या काळी भिंग कितीतरी वेळ उघडं ठेवावं लागे. उभा राहिला तो उमटला, चालता झाला तो पुसला गेला. गजबजलेला बाजार त्यामुळे संचारबंदी लागल्यासारखा दिसतो. म्हणजे कामाला निघालेला माणूसच आधी गायब.

मद्रासमध्ये फोटोग्राफी रुजवली ती एका डॉक्टरने. अलेक्झांडर हंटरने १८५० मध्ये ब्रॉडवेवर कलाशाळा काढली, १८५२ मध्ये ती सरकारने घेतली. आजचं सरकारी ललित कला महाविद्यालय ते हेच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, कलकत्त्यात १८५६ मध्ये, आणि लगोलग मद्रासची. मद्रासची सोसायटी अजून चालू आहे.

१८५६ मध्ये सरकारने कॅप्टन लिनियस ट्रिपला सरकारी फोटोग्राफर नेमलं. मद्रासमध्ये त्याने काढलेले फोटो आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पांचे. पण त्याचं मोठं काम बाहेरगावचं. १८५८ मध्ये तो तंजावरला पोचला. तिथली भोसल्यांची गादी खालसा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. राजवाड्याचे फोटो त्याने काढलेच, पण बृहदीश्वराच्या जोत्यावरचे तमिळ शिलालेख एका पट्टीत यावेत म्हणून एकवीस फोटो जोडून सुमारे एकोणीस फुटांचं चित्र केलं. त्याच देवळात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांची अख्खी बखर मराठीत भिंतीवर कोरून ठेवली आहे. दगडावरच्या नावांची एवढी काळजी! पण ट्रिपच्या हाताखाली राबणारा सी. अय्यासामी, हंटरच्या शाळेत तयार झालेला, किती जणांना ठाऊक आहे? १८५९ मध्ये ट्रेव्हेलियन गव्हर्नर होऊन आला. फोटोग्राफी ही त्याला सरकारी पैशाची चैन वाटली आणि ट्रिपचं खातं बंद पडलं.

पुढे काचा वेगवान झाल्या आणि माणसं फोटोत आली. पण कशी आली? नमुने म्हणून. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ ते १८७५ मध्ये निघाला. त्यात माणूस दिसतो, खाली जात दिसते. त्यासाठी फोटो देणाऱ्यांत मद्रासच्या फौजेतला विलोबी वॉलेस हूपर होता. १८७६-७८ च्या दुष्काळात, ज्याने आपल्याकडे सोलापूर-नगरही भाजून काढलं, हूपरने मद्रास इलाख्यातले सांगाडे झालेले लोक ओळीने बसवून फोटो काढले. ते मी पहिल्यांदा पाहिले त्या रात्री जेवलो नाही. प्रत्येकाच्या बरगड्या मोजता येतात; नाव एकाचंही नाही. याच हूपरवर १८८६ मध्ये मंडालेत चौकशी बसली, कारण माणसांना गोळ्या घालतानाचा क्षण टिपायला तो कॅमेरा लावून उभा होता.

त्यानंतर आला स्टुडिओंचा जमाना. निकोलस, मग १८८२ पासून वील आणि क्लाइन. माउंट रोडचे रुंद फोटो, बंदराचे फोटो, आणि पोस्टकार्डं. हंडेवाली बाई त्या लाटेतली. ज्याने पैसे मोजून पोर्ट्रेट काढवून घेतलं त्याचं नाव स्टुडिओच्या वहीत असायचं. ज्याचा फोटो विकून पैसे आले, त्याच्या नावाची गरज कुणाला पडली नाही.

हे सगळं वाचून मी हूपरवर दात-ओठ खात होतो, तेव्हा माझा स्वतःचा फोटोंचा डबा उघडला. १९८६ चा एक फोटो आहे, कोत्वाल चावडीतला. पहाटेचा लिलाव आटोपलेला, कांद्याच्या पोत्यांवर एक हमाल आडवा झालाय, डोक्याची चुंबळ उशाशी. आजवर लोकांनी वाखाणला तो हाच. बँकेच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. मागे मी पेन्सिलीने लिहिलं होतं: हमाल, मद्रास.

१९९६ मध्ये गावाचं नाव चेन्नई झालं आणि त्याच वर्षी घाऊक भाजीबाजार कोयंबेडूला गेला. तो फोटो घेऊन मी एका पहाटे तिथे गेलो. दहा-बारा हमालांनी तो हातोहात फिरवला. एकाने मागचा खांब ओळखला. दुसऱ्याने वजनकाटा कुणाचा ते सांगितलं. माणूस कुणालाच ओळखता आला नाही. मग एका पोराने सरळ विचारलं, “सार, पेर एन्ना?” याचं नाव काय? मी काहीच बोलू शकलो नाही. त्या दिवसापासून आधी विचारतो, “पडम एडुक्कलामा?” फोटो काढू का? मग नाव. मग पुढच्या वेळी एक प्रत. नावं इथे देत नाही. ती माझ्या वहीत आहेत, आणि ज्याची त्याच्या घरच्या भिंतीवर.

आता जमाना वेगळा आहे. शनिवार-रविवारी पोरांचे गट गळ्यात कॅमेरे अडकवून मिंट स्ट्रीटवर निघतात. न्याहारीच्या आत दोनशे फोटो. २०१६ पासून चेन्नई फोटो बिनाले भरतं. २०१९ मध्ये ते विद्यापीठाच्या जुन्या सेनेट हाउसमध्ये पाहिलं. पण मला धडा शिकवला तो एम. पलनी कुमारने. त्याची आई मदुराईत मासे विकायची. गटारात उतरणाऱ्या कामगारांचे फोटो त्याने वर्षानुवर्षं काढले, आणि त्यांच्याखाली नावं असतात. उत्तर चेन्नईतल्या मुलांच्या हाती त्याने कॅमेरा दिला. दीडशे वर्षं ज्यांच्याकडे काच रोखली गेली त्यांची नातवंडं आता तिच्या मागून बघतात.

मी अजून जातो, बहुतेक कासिमेडूला. मासेमारी बंदरात उजाडायच्या आत लिलाव सुरू होतो. तमिळमध्ये त्याला एलम म्हणतात. आपला लिलाव आणि हा एलम, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरं. वंजिरम म्हणजे सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, एवढं आलं की निम्मं तमिळ येतं. परवा तिथल्या एका मासेवाल्या अक्कांना मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, आधी तुझं नाव सांग.

“मोरेश्वर.”

“मुरुगेसन?”

“मोरेश्वर, अक्का.”

“तेच ते. मुरुगेसन,” असं म्हणून त्यांनी पलीकडच्या चौघींना हाक मारून माझी ओळख करून दिली: मुरुगेसन, फोटोवाला. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि मिटलं. हंडेवाल्या बाईला तरी कुणी विचारलं होतं? गेल्या महिन्यात प्रती द्यायला गेलो तर धक्क्यावरून आरोळी आली, मुरुगेसा! आणि मी वळून पाहिलं.