व्हिनेगर (धुलाईतील उपयोग)

साबणाने धुतलेल्या कपड्यांत उरलेला खार मारण्यासाठी शेवटच्या पाण्यात घालायचे सौम्य आम्ल. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असते, बाकी पाणी. साबणाऐवजी व्हिनेगर वापरा, असे हल्ली सर्रास सांगितले जाते; ते चूक आहे. तेलकट मळ साबणच काढतो. व्हिनेगरचे काम त्यानंतर सुरू होते.

जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट थर धाग्यांवर बसतो. टॉवेल कडक होतात, पांढरे कपडे करडे दिसू लागतात. बादलीभर पाण्यात पाव वाटी व्हिनेगर घालून कपडे दहा मिनिटे भिजवले, की हा थर सैल होतो. वाळल्यावर वास राहत नाही. आम्लाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर हळदीचा डाग पाहावा: साबण लागताच तो लाल होतो आणि व्हिनेगर पडले की पुन्हा पिवळा. डाग मात्र जात नाही, त्याला ऊनच हवे.

खारानंतर आंबट, ही रीत जुनी आहे. युरोपात लिननचे कापड पांढरे करताना ते आंबट ताकात भिजवत. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी त्याऐवजी पाणी घालून सौम्य केलेले गंधकाम्ल सुचवले. पूर्व विदर्भाच्या खेड्यांत राखेच्या पाण्याने कपडे धूत. राखेत खार असतो, त्यामुळे अशा धुलाईनंतर आंबट पाणी उपयोगी पडते. रिठ्याच्या फेसात असा खार नसतो. रिठे वापरणाऱ्याने व्हिनेगरवर पैसे घालवू नयेत.

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी हे कोशाच्या रेशमाचे जुने केंद्र. ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे हे रेशीम म्हणजे प्रथिन, आणि खाराने ते निस्तेज व खरखरीत होते. कोशाची साडी रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या गार पाण्यात धुवावी. साबण वापरला असेल तर शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे, म्हणजे चमक टिकते. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर रंग तपासून घ्यावा. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची असेल तर व्हिनेगर चांगले निघेपर्यंत कपडे खळबळावेत; अल्ट्रामरीन जातीची नीळ आम्लाने फिकी पडते.

गडचिरोलीच्याच सिरोंचा तालुक्यात व्हिनेगरची ही माहिती पावसाळ्यात विशेष लागते. प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या तिन्ही नद्यांचे पाणी इथे एकत्र येते. जुलै २०२२ च्या पुरात तालुक्यातली अनेक गावे रिकामी करावी लागली. दमट हवेत न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास व्हिनेगरने कमी होतो. पण पुराच्या पाण्यात भिजलेले कपडे त्याने निर्जंतुक होत नाहीत. ते साबणाने धुऊन, सुती असतील तर उकळून, कडक उन्हात वाळवावे लागतात.

पूर ओसरल्यावर घराघरांत ब्लीचिंग पावडर येते. तिच्यात व्हिनेगर मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. त्याने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, बंद मोरीत फुफ्फुसांना इजा होते. हे दोन पदार्थ एका बादलीत कधीही येऊ देऊ नका.