अफूच्या पेट्या आणि समुद्रावरचा पहारा

फराळाच्या ताटापुढे अफूची गोष्ट काढणे काहीसे अप्रशस्त वाटेल. परंतु मुंबईच्या इतिहासाची पाने चाळताना मला वारंवार जाणवते, की या नगरीच्या वैभवाची जी पणती आपण कौतुकाने पाहतो, तिच्या तेलात या काळ्या गोळ्याचाही अंश आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिहार-बनारसकडील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होता. माळव्याची अफू मात्र संस्थानिकांच्या मुलखात पिके. कंपनीने मुंबईची वाट अडवली, तर तांडे वळसा घालून कराचीस जात आणि तेथून माल पोर्तुगिजांच्या दमणला उतरे. अखेर कंपनीने व्यापारी शहाणपण दाखवले. परवान्याचे पैसे घेऊन तिने मुंबई बंदरच मोकळे केले! पुढे रुग्णालयाला आणि कलाशाळेला सढळ हाताने देणग्या देणारे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या व्यापारातही कापसाबरोबर अफू होतीच.

चीनमध्ये या मालाला बंदी होती. म्हणून गलबते कँटनबाहेर लिंटिन बेटापाशी नांगर टाकीत, तेथल्या तरंगत्या गोदामांत पेट्या उतरवीत, आणि पुढचे काम वल्ह्यांच्या चपळ होड्या करीत. 1839 साली बादशहाने लिन झेशू नावाचा करारी अधिकारी कँटनला धाडला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी करून 20,283 पेट्या ताब्यात घेतल्या. जूनमध्ये हूमेन येथे खंदक खणून, त्यांत पाणी, मीठ आणि चुना घालून ती अफू विरघळवली गेली. हे काम सुमारे तीन आठवडे चालले. आपण हे विष समुद्रात सोडतो आहोत, म्हणून लिनने सागरदेवतेची आधी क्षमा मागितली होती!

लिनने विलायतेच्या राणीलाही पत्र लिहिले. हे विष पिकवणेच थांबवा, एवढेच त्याचे मागणे. उत्तरादाखल आल्या त्या युद्धनौका. 1842 च्या तहात चीनने हाँगकाँग तर दिलेच, वर नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून 60 लाख डॉलर मोजले. चोराने घरधन्याकडून दंड वसूल करावा, तसा हा प्रकार!

लिनजवळ धैर्य होते, सचोटी होती. नव्हता तो दुसऱ्या तीरावरचा सोबती. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचे निशाण, त्याचाच अंमल. त्या निशाणाचा धनीच नफ्यात भागीदार असेल, तर एकटा पहारेकरी काय करणार?

हे शहाणपण जगाला यायला फार दिवस लागले. 1907 साली इंग्रजांनी चीनला जाणारी हिंदी अफू दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मान्य केले. 1909 साली शांघायला 13 राष्ट्रे एकत्र बसली, आणि 1912 साली हेगला पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. समुद्रावरच्या तपासणीची नीट रीत मात्र 1988 च्या व्हिएन्ना करारात, त्याच्या सतराव्या कलमात आली. परक्या निशाणाच्या जहाजाचा संशय आला, तर त्या देशाला विचारावे, ‘हे जहाज तुमचेच ना? आम्ही चढून झडती घेऊ का?’ त्याने होकार दिला, की पुढचे पाऊल टाकावे. किती साधी गोष्ट! पण तेवढ्यासाठी हूमेननंतर जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली.

31 मार्च 2025 रोजी आपल्या नौदलाच्या ‘तर्कश’ या युद्धनौकेने पश्चिम हिंदी महासागरात एक संशयित गलबत अडवले. त्यात सुमारे अडीच हजार किलो अमली पदार्थ सापडले. त्यांतला बहुतेक चरस, आणि 121 किलो हेरॉइन. ‘तर्कश’ त्या वेळी अनेक राष्ट्रांच्या संयुक्त गस्तीच्या मदतीला होती, आणि विमानांच्या खबरांबरोबर तिला साहाय्य होते मुंबईतल्या नौदल केंद्राचे.

ज्या बंदरातून पेट्या भरून गलबते सुटत, त्याच शहरातून आता पहाऱ्याला हात मिळतो. हेरॉइन ही त्याच अफूची लेक. तेव्हा चोरटा व्यापार संपला, असे कोणी म्हणू नये. एवढे मात्र खरे, की लिनच्या पत्राला उत्तर देणारे आज कोणीतरी आहे. सरकारी तिजोरी त्या नफ्यापासून दूर राहील, तोवरच ते उत्तर होकाराचे असेल.