गिरणगावातील तळलेली तुकडी

शहरांचे इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. किल्ला कोणी बांधला, तह केव्हा झाला, कोणता गव्हर्नर आला आणि कोणता गेला, याची नोंद ते मोठ्या काटेकोरपणे करतात. परंतु त्या शहरातील लाखो माणसे रोज दुपारी काय जेवली आणि ते अन्न कोणी रांधले, हा प्रश्न त्यांस क्वचितच पडतो. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळाले, हे शाळेतील मुलासही पाठ असते. त्या बेटावर पुढे ज्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांतील कामगाराच्या ताटात काय वाढले जाई, हे मात्र त्याच्या नातवासही बहुधा सांगता येणार नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तळलेली मासळी आहे, हे पाहून काही वाचक हसतील. विषय जिभेचा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तो केवळ जिभेचा नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गेल्या हिवाळ्यात दोन स्नेह्यांच्या संगतीने आम्ही चारपाच संध्याकाळी लालबागपासून परळपर्यंत भटकलो. थंड हवेच्या, दिव्यांच्या झगमगाटाच्या भोजनगृहांत जायचे नाही, असा आमचा संकेत होता. जेथे सहासात टेबले, भिंतीवर एक फळा, त्यावर खडूने लिहिलेली त्या दिवसाची मासळी, आणि आत चर्र आवाज करणारा लोखंडी तवा, एवढाच सरंजाम असेल तेथेच बसावयाचे ठरले होते. पहिल्या ठिकाणी बोंबील मिळाले. बोंबील हा अंगात पाणीच पाणी असलेला मासा. तो चिरून, मधला काटा काढून, वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढावे लागते, तेव्हा कोठे तो तव्यावर टिकतो. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा मऊ, असा तो चांगला साधला होता. दुसऱ्या ठिकाणी बोटाएवढ्या मांदेळ्या होत्या. त्या काट्यांसकट चावून खाव्या लागतात आणि त्यातच त्यांची गोडी आहे. तिसऱ्या ठिकाणी रव्यात घोळलेली सुरमईची तुकडी, आणि चौथ्या ठिकाणी अंगावर तिरक्या चिरा पाडून त्यांत मसाला भरलेला अख्खा बांगडा. बरोबर कोठे तांदळाची भाकरी, कोठे वडे, आणि सर्वत्र सोलकढी. एके ठिकाणी तेल जुने होते आणि सुरमई त्याहून जुनी. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खाता खाता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या सर्व ठिकाणांच्या पाट्यांवर ‘मालवणी’ हा शब्द होता, आणि आमच्या स्नेह्यांचे म्हणणे असे, की ही कोकणच्या खेड्यातील शेकडो वर्षांची रीत जशीच्या तशी येथे आली आहे. आम्हांस ते पटेना. बोंबील हा मुख्यत्वे मुंबईचा व तिच्या उत्तरेकडील किनाऱ्याचा मासा. तो मुंबईच्या कोळ्यांचा. मालवणच्या रापणकराचा नव्हे. रवा गव्हाचा, आणि गहू हे कोकणचे पीक नव्हे. तेथे घरात असते ते तांदळाचे पीठ. रवा वाण्याच्या दुकानातून येतो. मिरची तर पोर्तुगिजांच्या मार्गाने, म्हणजे १४९८ नंतर, आपल्या देशात आली, हे सर्वश्रुत आहे. पण लालबागच्या मसाल्यात जी मिरची पडते तीही कोकणची नसून ब्याडगीची व संकेश्वरची, म्हणजे घाटावरची असते. उन्हाळ्यात लालबागच्या बाजारात बायका मिरच्या घेऊन डंकापुढे रांगा लावतात, त्या रांगेत सातारची बाई असते आणि सावंतवाडीचीही. तेव्हा ज्या तव्यावर कोळ्याचा बोंबील, देवगडचा बांगडा, वाण्याचा रवा आणि घाटावरची मिरची एकत्र आली, तो तवा मालवणात मांडलेला नसून गिरणगावात मांडलेला आहे, असे आम्हांस वाटते. नाव गावाचे आहे. जन्म शहरातला आहे.

हा जन्म कसा झाला हे समजण्यासाठी गिरणीच्या भोंग्यापासून आरंभ केला पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग मांडला आणि १८५६ साली ताडदेवास ती चालू झाली. पुढील पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. तिच्यात राबण्यासाठी माणसे आली ती विशेषेकरून रत्नागिरी जिल्ह्यातून. आणि त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे, कारण तो वेगळा झाला तो १९८१ साली. शेत थोडे, खाणारी तोंडे फार, आणि बोटीने एकदोन दिवसांत मुंबई गाठता येते, अशा स्थितीत घरातील एक पुरुष गिरणीत आणि बाकीचे घर गावी, अशी वाटणी झाली. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशेच्या आसपास होती. या एका आकड्यात खाणावळीचा सारा इतिहास आहे. हे शहर बिनचुलीच्या पुरुषांचे होते.

या पुरुषांस जेवू घालण्याचे काम ज्यांनी पत्करले त्या बहुतेक त्यांच्याच गावच्या बायका होत्या. कोणाचा नवरा गिरणीत अपुऱ्या पगारावर, कोणाचा आजारी, कोणी विधवा. चाळीतील एका खोलीत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून त्या दहापंधरा गड्यांचे दोन वेळचे जेवण करीत. पहाटेच्या पाळीस जाणाऱ्यासाठी रात्र संपण्यापूर्वी उठावे, रात्रपाळीवरून येणाऱ्यासाठी झाकून ठेवावे, आणि मधल्या वेळात बाजार, पाणी व भांडी उरकावीत, असा तो दिनक्रम. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. गैरहजेरीचे खाडे वहीत मांडलेले. जुन्या माणसांकडून आम्ही ऐकले ते असे, की भात, भाकरी आणि कालवण हे ठरल्या पैशांत मिळे. तळलेली तुकडी मात्र वरची. ती ज्याने मागितली त्याच्या नावावर वेगळी मांडली जाई.

‘तुकडी’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. कोकणातील घरात मासळी असते ती कालवणाच्या रूपाने. भात मुबलक, मासळी बेताची आणि माणसे पुष्कळ, तेव्हा रस वाढवणे हाच शहाणपणा. तेल महाग, म्हणून बांगडा निखाऱ्यावर भाजावा, बाकीची मासळी खारवून, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवावी. तळणे घरात होते, पण ते सणावाराचे किंवा पाहुण्याचे. कालवणाची वाटणी होते. तुकडी मात्र मोजता येते आणि जे मोजता येते तेच विकता येते. जेथे एका ताटाचा दुसऱ्या ताटाशी हिशेब वेगळा असतो, तेथेच तुकडी हे मोजमाप होऊन बसते. ज्या महिन्यात जादा पाळ्या मिळाल्या त्या महिन्यात तुकडी. ज्या महिन्यात ‘बदली’ म्हणून दारात उभे राहून परतावे लागले, त्या महिन्यात नुसते कालवण. कामगाराच्या सुखदुःखाची ही मोजपट्टी कोणत्याही सरकारी अहवालातील आकड्यांहून कमी विश्वसनीय नव्हती, असा आमचा तर्क आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस येथे लंडनची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये गरिबांच्या गल्लीतील तळलेल्या मासळीच्या दुकानाचा उल्लेख आहे, आणि हेन्री मेह्यू याने १८५१ साली लंडनच्या श्रमिकांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात तळलेली मासळी विकणाऱ्यांची संख्या २५० ते ३५० च्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला आहे. पुढे तिला तळलेल्या बटाट्यांची जोड मिळाली आणि ते त्या देशातील कामकरी वर्गाचे अन्न ठरले; इतके, की दुसऱ्या महायुद्धात बहुतेक खाद्यपदार्थ शिधापत्रिकेवर मिळत असताना तेथील सरकारने मासळी-बटाट्यांस हात लावला नाही. यंत्रयुगातील शहरांत गरम, झणझणीत आणि लवकर मिळणाऱ्या अन्नाची गरज सारखीच असते, हे यावरून दिसते. भेद आहे तो असा, की मेह्यू रस्त्यावर हिंडला, विकणाऱ्यांशी बोलला आणि त्याने ते लिहून ठेवले. आमच्या खाणावळवाल्या बाईच्या दारात तिच्या भरभराटीच्या काळात असा कोणी वही घेऊन आल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीपेक्षा हा लेख नुसता गहिवर होईल. खाणावळी गावावर चालत आणि गावाबरोबर जातीवरही चालत. ज्या गिरण्यांत विणखात्यात धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागते या सबबीवर अस्पृश्य कामगारांस प्रवेश नव्हता, आणि ज्या अन्यायास १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाचा फोडली, त्याच गिरण्यांच्या सावलीत या चुली पेटत होत्या. मायेने वाढणारा हात कोणास वाढावयाचे हेही ठरवीत होता. उलट, आज ज्या साध्या भोजनगृहांत आम्ही बसलो, तेथे शेजारच्या बाकावर कोण बसला आहे हे कोणी विचारीत नाही. फळ्यावरचा भाव सर्वांस एकच असतो. हा लाभ लहान नव्हे, आणि जुन्याच्या प्रेमापोटी तो विसरणे अन्यायाचे होईल.

परंतु या लाभाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. खाणावळ चालविणे म्हणजे आधी किराणा उधार आणणे आणि मागून पैशांची वाट पाहणे. ती उधारी सावकाराच्या व्याजाने वाढत असे. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले, तरी जिच्यापाशी तारण ठेवण्यास कांकणापलीकडे काही नाही तिला बँकेची पायरी चढता येत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली व या बायकांस एकमेकींच्या जबाबदारीवर कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला. रांधणे हा धंदा आहे आणि रांधणारी ही कामगार आहे, हे तोवर कामगारांच्या चळवळीलाही पुरतेपणी उमगले नव्हते.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आणि तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेलाच नाही. भोंगे थांबले, पगार थांबला, पण पोट थांबत नाही. कित्येक गडी गावी गेले. जे राहिले ते काही महिने उधारीवर जेवले. संपाच्या इतिहासात मालकांचा तोटा मोजला आहे, कामगारांचे बुडालेले वेतन मोजले आहे; खाणावळीच्या वहीत जे येणे राहिले आणि कधीच आले नाही, ते कोणी मोजले आहे काय? आम्ही बसलो होतो त्यांपैकी एका ठिकाणी गल्ल्यामागे एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या सासूची खाणावळ त्याच चाळीत असे. संपाची गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, की वह्या होत्या, पण घर रंगवायला काढले तेव्हा रद्दीत गेल्या. हे त्यांनी अगदी सहज सांगितले आणि आमच्या पुढ्यात आणखी एक बोंबील ठेवावयास मुलाला सांगितले.

आज गिरण्यांच्या जागी बाजारपेठांचे प्रासाद आणि चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतील कचेऱ्यांत काम करणारी तरुण मंडळी दुपारी याच गल्ल्यांत येतात, आवडीने सुरमई मागवितात आणि तिला कोकणची परंपरा म्हणतात. त्यांनी खावे, चांगले अन्न कोणाच्या मालकीचे नसते. सुरमईच्या तुकडीचा फळ्यावरील भाव पाहिला, तर ज्याच्या पायी ती तुकडी जन्मास आली त्याला ती आज महिन्यातून किती वेळा परवडली असती, हा विचार मात्र आमच्या मनातून जाईना.

इतिहासाचार्य राजवाडे दारोदार हिंडले, माळ्यांवरची आणि तळघरांतली दप्तरे त्यांनी धुंडाळली, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड बाहेर पडला. त्या दप्तरांत पुष्कळदा होते काय? देणेघेणे, उचल, बाकी, अमक्यास इतके धान्य दिले. त्याच हिशेबांतून आपण एका राज्याचा इतिहास उभा केला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या आठवणी ग्रंथरूपाने जमविल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. पण आठवण वेगळी आणि वही वेगळी. लालबाग-परळच्या ज्या चाळी अद्याप पाडल्या गेलेल्या नाहीत, त्यांच्या एखाद्या माळ्यावर तेलाचे डाग पडलेल्या, कोपरे दुमडलेल्या अशा काही वह्या अजून असतील. त्यांत नाव असेल, खाडे असतील, आणि कोठे कोठे त्या नावापुढे ‘तुकडी १’ असे लिहिलेले असेल. रंगवायला घर काढण्यापूर्वी कोणी तरी त्या मागून घ्याव्यात.